आवळलेला जबडा

कवळ्या करणाऱ्या त्या बाईंना सगळी गल्ली वहिनी म्हणायची. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. खिडकीखाली टेबल, त्यावर मेणाचे तुकडे, प्लास्टरचे पांढरे जबडे आणि डब्यांत मापाप्रमाणे लावलेले खोटे दात. धंदा मूळचा नवऱ्याचा. त्यांचा हात थरथरू लागला तेव्हा धंदा विकून टाका, असं जो तो सांगू लागला. वहिनींनी कानस उचलली आणि म्हणाल्या, "हात एकाचा गेलाय, दोघांचा नाही."

पण दोघांचं काम एकटीच्या मानेवर आलं. सकाळी खाली घातलेलं डोकं दुपार उलटली तरी वर यायचं नाही. डबा तसाच राहायचा, पाण्याची बाटली भरलेलीच घरी जायची. मग संध्याकाळच्या सुमाराला डोक्याभोवती कुणी पट्टा करकचून आवळल्यासारखं व्हायचं. कानशिलं जड, मान लाकडासारखी ताठ. त्यावर एक गोळी. पुढे पुढे गोळी चहाइतकीच रोजची झाली. नवऱ्याने विचारलं तर त्या उन्हावर खापर फोडायच्या. आपल्यापायी हिची ही गत झाली, असं त्यांच्या मनाने घेऊ नये, एवढीच धडपड.

एकदा ठसे घेण्याची नवी पावडर आली. ती कशी बसते ते बघायला वहिनींनी स्वतःच्याच दातांचा ठसा घेतला, प्लास्टर ओतलं आणि त्या दुसऱ्या कामाला लागल्या. नवऱ्याने साचा उचलून उजेडात धरला. हात थरथरत असला तरी नजर जुनीच होती.

"हा कुणा म्हाताऱ्याचा? दाढा झिजून पार सपाट झाल्यात. झोपेत दात खात असणार."

"माझा आहे," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी साचा अलगद टेबलावर ठेवला. मग हळूच म्हणाले, "रात्री करकर ऐकू यायची. मी उंदराचा पिंजरा आणून ठेवला."

वहिनींना हसू फुटलं, आणि हसता हसताच डोळे भरून आले. इतके महिने लपवलेलं सगळं मग त्यांनी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी नीट तपासलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. तासन्तास वाकलेली मान, मिटलेला जबडा, बारीक कामाने शिणलेले डोळे, उपाशी पोट, अर्धवट झोप आणि मनातली काळजी, सगळ्यांनी मिळून डोकं धरलं होतं. भरीस भर म्हणजे रोजच्या गोळ्यांनीच आता दुखणं जागं ठेवलं होतं. डोकं अचानक भयंकर दुखलं किंवा हातपाय बधिर झाले तर थेट दवाखाना गाठा, असंही त्यांनी बजावलं.

काम सोडणार नाही, हे वहिनींनी आधीच सांगून टाकलं. मग कामाची रीत बदला, डॉक्टर म्हणाले.

वहिनींनी मनावर घेतलं. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या बंद केल्या. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. डोकं धरून भिंतीला टेकून बसायच्या, पण गोळ्यांच्या डबीला हात लावला नाही. टेबलाखाली विटा घालून ते उंच केलं, दिवा जवळ ओढला. नवऱ्याला नवं काम मिळालं. साचे तपासायचे, दातांच्या डॉक्टरांशी बोलायचं आणि अधूनमधून हाक मारायची, "वहिनी, मान." बायकोला वहिनी म्हणणारा गल्लीतला हा एकमेव नवरा.

एका दंतवैद्यांना दोन कवळ्या उद्याच हव्या होत्या. पूर्वी वहिनींनी मान मोडून त्या केल्या असत्या. या वेळी त्यांनी शांतपणे सांगितलं, "परवा देते. उद्याच हव्या असतील तर दुसरीकडे बघा."

दंतवैद्य कुरकुरले, पण तिसऱ्या दिवशी आले.

दुखणं काही कायमचं गेलं नाही. काम साचलं की अजून डोकावतं. मग वहिनी कानस खाली ठेवतात, खांदे सोडतात, जबडा सैल करतात आणि डबा उघडून नवऱ्याला जेवायला बोलावतात.