समोर बघून काढलेला फोटो

आमच्या जिन्याखाली वेताच्या खुर्च्या विणणारे दादा बसतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती एक मुलगी लग्न होऊन परमुलखात. वेत बादलीत भिजत घातलेला, एक पट्टी दातांत, मान खाली. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं ते त्यांचं टक्कल. सकाळी देवाला फुलं वाहून मी दुधाला उतरते तेव्हा "ताई, देव उठले का?" हेही मान न उचलता. "देव उठले, तुमची मान कधी उठायची?" म्हटलं की हसतात, पण हसूही खुर्चीतच सांडतं.

रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढणारी एक बाई अधूनमधून येते. समोरच्या दुकानाच्या खांबाआड उभी राहून दादांचे त्यांच्या नकळत फोटो काढते. ते प्रदर्शनातही लागले. काही तिने दादांच्या फोनवर पाठवले, दादांनी लेकीला. तिचा निरोप आला, "बाबा, टक्कल ओळखलं. तोंड कुठाय? बघू तरी द्या की!"

दादा हरखले. तोंड बघितलं की पोरीला राहवणार नाही, धावत येईल, असं त्यांनी मनाशी धरलं. मलाही तसंच वाटलं. देवापुढे मी त्यांच्या लेकीसाठी हात जोडले.

काल फोटोवाली आली. दादा सदऱ्याची सगळी बटणं लावून तयार.

"आज एक सरळ काढा, समोर बघून."

"मी तसे काढत नाही हो दादा. सांगून काढलं की माणूस फोटोपुरता होतो."

"होऊ दे की. लेकीपुरता झालो तरी पुष्कळ."

बाईने कॅमेरा डोळ्याला लावला. दादा लाकडासारखे ताठ.

"हसा ना थोडं."

"कोणाकडे बघून हसू? तुमचं तोंड तर त्या डबड्यामागे गेलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही उभ्या राहा तिच्यामागे. बघायला कोणीतरी हवं."

मी बाईच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले. दादांनी मान वर केली. इतकी वर्षं येता-जाता बोलतोय आम्ही, पण त्यांचे डोळे मी नीट असे कालच पाहिले. बुबुळांभोवती करडी कड आली आहे. ते माझ्यात लेकीला शोधत होते. मला पापणी लववायचीही भीती वाटली. बाईने एकच फोटो काढला आणि कॅमेरा गळ्यात सोडला.

आज सकाळी खाली उतरले. दादा मान खाली घालून विणत होते. देवांची चौकशी झाली नाही, म्हणून मीच विचारलं, "काय म्हणाली लेक?"

"म्हणाली, बाबा, फार थकलात. जपा."

"आणि येते म्हणाली का?"

दादांनी दातांतली पट्टी काढून हातात घेतली.

"तिने फोटो मागितला होता ना, ताई. तो पोचला."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. "ही कड जरा दाबून धरता?"

मी धरली.