डावीकडे दीड इंच

गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणायचे. एक तर ओठांत कायम तीन-चार टाचण्या धरलेल्या, आणि त्या काढून ठेवल्या की जे बोलणं बाहेर पडायचं ते त्यांच्याहून टोकदार. नवे कपडे शिवण्याचा तिचा धंदा नव्हता. लोकांनी तयार घेतलेले कपडे अंगाला नीट बसत नाहीत, ते उसवून ती घट्ट-सैल करून द्यायची. किल्ल्या बनवणारा आणि दातांचा दवाखाना यांच्या मधे तिचं दुकान, जेमतेम एक मशीन, एक कापायचं टेबल आणि एक आरसा मावेल एवढं. त्या आरशासमोर उभं राहून गिऱ्हाइकं धडधडीत खोटं बोलायची. "पँट धुतल्यावर आटली हो," म्हणायची. टाचणी कमरेभोवती टेप फिरवायची आणि विचारायची, "पँट आहे तेवढीच आहे. धुतलं कुणाला, तिला की तुम्हाला?" तरी लोक तिच्याचकडे यायचे, कारण तिचं माप चुकत नसे.

तर अशा बाईच्या हातून चूक झाली, आणि ती चूक दुसऱ्या कुठल्या आईच्या हातून झालीच नसती.

तिची मुलगी पावणेदोन वर्षांची. दुकानात टेबलाखाली मशीनच्या दोऱ्याच्या रिळासारखी इकडून तिकडे गडगडत असायची, म्हणून तिचं नाव बॉबिन पडलं होतं. एके दिवशी बॉबिनचा फ्रॉक पोटावर तंग व्हायला लागला. टाचणीने बाजूची शिवण उसवली, आत राखलेली माया, म्हणजे पुढे कामी यावं म्हणून ठेवलेलं जादा कापड, अर्धा इंच सोडलं आणि पुन्हा टीप मारली. दोन मिनिटांचं काम. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. दिवसभर दुनियेचे कपडे सैल करणारा हात, त्याने लेकीचा फ्रॉकही सवयीने सैल करून टाकला. दुसरी आई असती तर नवा फ्रॉक आणायला गेली असती आणि पोटाला होणारा फ्रॉक खांद्यावरून ओघळतोय हे दुकानातच तिच्या लक्षात आलं असतं. टाचणीला नवा आणावाच लागला नाही.

तिसऱ्यांदा उसवायला घेतला तर आत माया उरलीच नव्हती. मग मात्र ती फ्रॉक मांडीवर घेऊन बघत बसली. लांबी होती तेवढीच. खांदे होते तेवढेच. बाही उलट सैल पडायला लागली होती. मूल वाढतं ते सगळ्या बाजूंनी वाढतं, नुसतं पोटाने वाढत नाही. स्वतःला चार शिव्या घालून तिने मापांची वही ओढली, गिऱ्हाइकांच्या मापांमागे कोरं पान काढलं आणि लिहिलं : पोट साडेएकोणीस, दंड सहा. खाली तारीख घातली.

"बाळसं धरलंय गं पोरीनं," सासूबाई म्हणाल्या. "उगीच लेकराला दृष्ट लावू नकोस."

"बाळसं दंडाला का नाही धरत, आई?"

सासूबाईंनी बॉबिनचा दंड चाचपला, मग दुसराही चाचपून पाहिला.

गल्लीतले डॉक्टर भला माणूस. त्यांनी बॉबिनला जीभ काढून दाखवली, तिचे गाल ओढले आणि जंताचं औषध लिहून दिलं. "माती खात असेल."

"आमच्याकडे माती कुठली? दोरे आहेत नुसते."

"मग दोरे खात असेल!" डॉक्टर स्वतःच्या विनोदावर खूश झाले. टाचणीही हसली, कारण तिला तेव्हा मनापासून हसायचं होतं. औषध दिलं. जंत काही पडले नाहीत, आणि पुढच्या रविवारी वहीत पोट वीस झालं.

चौथ्या आठवड्यात ती मुलांच्या डॉक्टरांकडे गेली. काचेचं दार, भिंतीवर हसणारे प्राणी, बाहेर दीड तास आणि आत तीन मिनिटं. डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत होते. "वजन तर वाढतंय, ताई. तक्रार कसली?"

"पोट वाढतंय. बाकीची उतरतेय."

"शी रोज होते का?"

"कधी कधी एक दिवसाआड."

"मग झालं तर. बद्धकोष्ठ आहे." त्यांनी सारक औषध लिहिलं. टाचणी फ्रॉकची बटणं काढायला लागली, तर त्यांनी हात वर केला. "राहू द्या, रडेल उगीच." एवढा कनवाळूपणा! पोरीच्या पोटाला हात न लावता तिचं पोट त्यांना समजलं होतं. टाचणीला आपल्या धंद्यात असं कधी जमलं नव्हतं.

आठव्या आठवड्यात ती वही घेऊन परत गेली. पोट एकवीस, दंड साडेपाच. डॉक्टरांनी पान वरवर पाहिलं. "हे जेवणाआधी मोजलं की नंतर? टेप बोटभर वर-खाली झाली तरी माप बदलतं, माहीत आहे ना?"

एकोणीस वर्षं टेप धरणाऱ्या बाईला हा माणूस टेप शिकवत होता.

"तुमची काळजी मुलीला लागते," ते समजुतीने म्हणाले. "आता महिनाभर ती टेप कपाटात ठेवा बघू."

घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात तिडीक उठली होती. नवरा कुरिअरची गाडी चालवायचा. तो नुकताच येऊन टेकला होता. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "अगं, ते शिकलेले आहेत. वर्षाला हजार पोरं बघत असतील."

"हजार बघत असतील, अहो. हिला नाही बघितलं!"

टाचणीलाही रात्री अंथरुणावर वाटून जायचं की आपलंच डोकं फिरलंय का. सगळी शहाणी माणसं एका बाजूला आणि आपण एकट्या दुसऱ्या बाजूला, म्हटल्यावर असं वाटणारच. सकाळी बॉबिनला आंघोळ घातली की ते वाटणं पळून जायचं. साबणाच्या हाताला डावीकडे काहीतरी टणक लागायचं. डॉक्टरांनी बद्धकोष्ठ सांगितलं होतं, म्हणून ती स्वतःला तेच सांगायची.

आणि मग अकराव्या आठवड्यात एक गृहस्थ कोट घेऊन आले. त्यांचा एक खांदा उतरलेला होता, त्यामुळे कोट एका बाजूला ओढला जायचा. अशा माणसाची मापं दोन्ही बाजूंची वेगवेगळी घ्यावी लागतात, पाठीच्या कण्यापासून पुढच्या मध्यापर्यंत, आधी उजवी, मग डावी. टाचणीने उजवी घेतली आणि डावी घ्यायच्या आतच थांबली. गृहस्थ आरशात बघत होते. "काय झालं?"

"उद्या या," ती म्हणाली. "आज दुकान बंद."

"अहो, पण माझा कोट..."

"तुमचा खांदा कुठं पळून जात नाही."

तिने नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. त्याने बॉबिनला कापायच्या टेबलावर उभं धरलं. कण्यापासून बेंबीपर्यंत उजवीकडे सव्वादहा. डावीकडे पावणेबारा.

"पुन्हा मोज," नवरा म्हणाला.

पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. बॉबिनला हा खेळच वाटला, ती टेपचं टोक चावायला लागली. नवऱ्याने एका हाताने डोळे पुसले आणि म्हणाला, "उद्या मी सुट्टी टाकतो. मी येतो बरोबर."

टाचणीने मांजरपाट काढला. स्वस्तातलं जाड कापड, नवा कपडा बसतो का ते आधी याच्यावर बघतात. लेकीच्या अंगालगत बिनबाह्यांची बंडी बेतली, पुढच्या मध्यावर आणि पाठीच्या मध्यावर लाल दोऱ्याने रेघ मारली. मग बंडी काढून खालचं तोंड शिवलं आणि आत चिंध्या ठासून भरल्या. रागारागाने शिवलेलं तिचं ते एकच काम, पण एक टाका इकडचा तिकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी काचेच्या दारामागे डॉक्टरांनी विचारलं, "काय, फरक पडला का?"

टाचणीने पिशवीतून ती बंडी काढून त्यांच्या टेबलावर उभी केली. लाल रेघेच्या उजवीकडे सरळ उतार. डावीकडे फुगलेला गोळा. बंडी तोल जाऊन डावीकडे कलली.

"हे काय आहे?"

"हे तुमच्या पेशंटचं पोट. तुम्ही बघितलं नाहीत, म्हणून शिवून आणलंय."

डॉक्टरांचा चेहरा तांबडा झाला. "ताई, चिंध्या एका बाजूला जास्त भरल्या की असंच दिसणार."

"काढा चिंध्या." तिने टेप त्यांच्यासमोर ठेवली. "आणि मोजा. जेवणाआधी मोजा, जेवणानंतर मोजा. डावीकडे दीड इंच जास्त आहे. बद्धकोष्ठ एकाच बाजूला होतं का, ते मला सांगा. मी शिकलेली नाही."

"बाहेर पेशंट थांबलेत."

"थांबू देत. आम्ही अकरा आठवडे थांबलोय." तिने बॉबिनचा फ्रॉक काढला आणि तिला तपासायच्या टेबलावर निजवलं. "तुम्ही हात लावेपर्यंत मी इथनं हलत नाही. पोलिसांना बोलवायचं असेल तर बोलवा, त्यांच्यासमोर हात लावा."

नवरा दाराला पाठ लावून उभा राहिला. दार उघडणार नव्हतं हे कुणालाही कळलं असतं.

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला, तळवे एकमेकांवर घासले आणि बॉबिनच्या पोटावर हात ठेवला. आधी उजवीकडे. मग डावीकडे. डावीकडे हात गेला आणि तिथेच राहिला. बॉबिन रडली नाही. त्यांच्या गळ्यातली नळी तिने पकडली होती. मग त्यांनी फोन उचलला आणि सोनोग्राफीवाल्याला सांगितलं की आत्ता, रांगेच्या आधी. त्यांचा आवाज खाली आला होता, आणि टाचणीला तो आवाज ऐकून पहिल्यांदा भीती वाटली. अकरा आठवडे तिला राग होता. भीतीला तिने जागाच दिली नव्हती.

डाव्या किडनीत गाठ होती. लहान मुलांना होणारा कॅन्सर.

मोठ्या इस्पितळात सर्जनबाईंनी सगळं उभ्या उभ्या, पण स्पष्ट सांगितलं. फुप्फुसं स्वच्छ आहेत. दुसरी किडनी चांगली आहे. गाठ किडनीसकट काढायची, मग सहा महिने औषधं. अशी बरीचशी मुलं बरी होतात. पण तोवर पोट कुणी दाबायचं नाही, गाठ आत फुटली तर घोळ होईल. त्यांनी खाटेच्या डोक्याशी पाटी लावायला सांगितली : पोट दाबू नये. दुपारी आठ शिकाऊ डॉक्टर खाटेभोवती जमले आणि एकाने हात पुढे केला.

"पाटी वाचता येते ना?" टाचणी उठून मधे उभी राहिली.

"हलकेच बघतो, मावशी."

"हात लावा म्हणून मी दारोदार फिरले तेव्हा कुठं होतात? आता कुणी लावायचा नाही. निघा!" आठही जण निघाले.

गाठ अख्खी निघाली, फुटली नाही. ते सांगताना सर्जनबाई हसल्या, आणि टाचणीने दालनाच्या मधोमध खाली बसकण मारून हुंदके देत रडून घेतलं. त्याची तिला लाज वाटली नाही.

बाराव्या दिवशी घरी सोडायचा कागद तयार झाला. बॉबिन बापाच्या कडेवर, पिशव्या भरलेल्या, कागद देण्याच्या खिडकीपाशी मागे रांग. शिकाऊ डॉक्टरने कागद पुढे सरकवला. "इथं सही करा."

टाचणीने वाचला. वाचायला तिला वेळ लागायचा, आणि तिने तो घेतला. "पोट वाढल्याचं आईच्या लक्षात आलं, कालावधी दोन आठवडे. हे कुणी लिहिलं?"

"आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत तसं होतं."

"त्यांनी लिहिलं असेल. खोडा. अकरा आठवडे."

"मावशी, आता त्यानं काय फरक पडतो?"

"अगं, चल ना," नवरा हळूच म्हणाला. "सुटलो एकदाचे."

"नाही." ती खिडकीला टेकून उभी राहिली. "उद्या हिला काही झालं, तर हा कागद सांगणार की आईनं उशिरा दाखवलं. मी उशिरा नाही दाखवलं."

मागची रांग कुरकुरली. शेवटी सर्जनबाईंना बोलावणं गेलं. त्यांनी कागद पाहिला, टाचणीकडे पाहिलं.

"अकरा आठवडे तुम्हाला माहीत होतं?"

"मोजलं होतं. वहीत तारखा आहेत."

"दाखवलं होतं?"

"तीनदा. चौथ्यांदा हात लावला." मग तिने विचारायचं ठरवलं नव्हतं ते विचारलं. "बाई, तेव्हा केवढी असती?"

सर्जनबाईंना टोलवता आलं असतं. "लहान असती," त्या म्हणाल्या. "बरीच लहान."

टाचणीने मान हलवली. सर्जनबाईंनी पेन घेतलं, दोन आठवडे खोडले, वर लिहिलं, बाजूला सही केली आणि कागद शिकाऊ डॉक्टरला दिला.

"वाचा," टाचणी त्याला म्हणाली.

तो पुटपुटला. "पोट वाढल्याचं आईच्या लक्षात आलं, कालावधी अकरा..."

"मोठ्यानं."

त्याने सर्जनबाईंकडे पाहिलं. त्यांनी कागदाकडे बोट दाखवलं. मग त्याने घसा साफ केला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं वाचलं : "पोट वाढल्याचं आईच्या लक्षात आलं, कालावधी अकरा आठवडे. आईने तीन वेळा दाखवलं. तपासलं गेलं नाही."

"आता द्या पेन," टाचणी म्हणाली.