मुलाची सही आणा

माझी मावशी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत एकतीस वर्षं राबली. ऑपरेशनच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं तिच्या हाताखालून जायचं. वाफेने तिच्या बोटांची टोकं कायम सुरकुतलेली असत. कामावर तिला सगळे टरकून असायचे, पण घरी ती तोंड उघडायची नाही. भांडायलाही अंगात त्राण लागतं.

ती निवृत्त झाली त्या संध्याकाळी दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, तिच्या हातात एक चौकट ठेवली. काचेमागे छापलेलं होतं, 'आईची दहा स्वप्नं'. मरण्याआधी करायच्या गोष्टींची यादी करायची सध्या टूमच आहे. दादाच्या ऑफिसात सगळ्यांनी आपापली केली होती, म्हणून त्याने आईचीही परस्पर करून टाकली.

मावशीने चष्मा लावून यादी वाचली. विमानात बसणं. बर्फ पाहणं. नातवाचं लग्न पाहणं.

"ह्यातलं मी कधी काय म्हटलं होतं?"

"अगं, सरप्राइज आहे!"

"नातवाचं लग्न? त्याला अजून 'शी आली' हे वेळेत सांगता येत नाही."

आम्ही हसलो. ती हसली नाही. "मला पोहायला शिकायचंय. ते कुठाय ह्यात?"

दादा एवढा हसला की त्याला ठसका लागला. वहिनी म्हणाली, "आई, ह्या वयात? पोहायचे कपडे घालून?" आणि ताटं घ्यायला उठली. विषय संपला. मीही तिच्यामागे उठले, हे कबूल करते.

चार दिवसांनी मावशी मला म्हणाली, "तुझ्या मामाला नवव्या वर्षी तलावावर शिकायला पाठवायचे. मी अकरा वर्षांची. वडील म्हणाले, मुलगी बुडेल. मग मी काय करायचं? कठड्यावर बसून त्याचा टॉवेल सांभाळायचा. सबंध उन्हाळा बसले. तो गटांगळ्या खायचा आणि मला वाटायचं, अरे, हात असा नाही, असा मार! मला बसल्या जागी कळत होतं गं." जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती, तरी तिने हात हवेत मारून दाखवला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर तरणतलावावर गेले. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "नातवाचं नाव घालायचंय?"

"माझं."

त्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "साठीच्या माणसांना डॉक्टरचा दाखला लागतो."

तिने पिशवीतून दाखला काढून पुढे सरकवला. तो पाहून त्याचा चेहरा पडला. "शिवाय मुलाची सही आणा. काही झालं तर जबाबदार कोण?"

मावशीचं डोकं फिरलं. "त्याच्या शाळेच्या प्रवेशापासून अपेंडिक्सच्या ऑपरेशनपर्यंत प्रत्येक कागदावर माझी सही आहे. आता मी पाण्यात उतरायचं की नाही, हे तो ठरवणार?"

"नियम आहे, मावशी."

"मावशी मी हिची. तुमची नाही. नियम दाखवा."

नियम काही त्याला दाखवता येईना. ती समोरच्या बाकावर बसली, आणि मग नऊ दिवस रोज येऊन बसली. रांगेतल्या माणसांनी विचारलं की ती सगळी हकिकत सांगायची, खिडकीत ऐकू जाईल अशा आवाजात. दहाव्या दिवशी व्यवस्थापक आले आणि त्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. डॉक्टरचा दाखला, बस्स. मुलाच्या सहीचा त्यात कुठे पत्ताच नव्हता.

"मला वाटलं, असेल," कारकून म्हणाला.

वाटलं! तिच्या वडिलांना वाटलं, मुलगी बुडेल. दादाला वाटलं, आईला विमान आवडेल. आणि ह्यांचं सगळ्यांचं वाटून होईपर्यंत ती साठीची झाली!

दुपारी दोनला बायकांची बॅच असायची. शिकवणारी मुलगी तिच्या निम्म्याहून कमी वयाची होती. पहिले पंधरा दिवस मावशीने नुसता दांडा धरून पाय मारले, नाकातोंडात पाणी गेलं, खोकून खोकून छाती दुखली. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी ती कुणाचाही हात न धरता ह्या काठावरून त्या काठाला गेली. काठ पकडून उभी राहिली आणि हमसून रडायला लागली. मला वाटलं, आनंदाने. मी धावत गेले.

"अगं, जमलं की! रडतेस काय?"

"रागाने रडतेय," ती म्हणाली. "एवढंच होतं? एवढ्यासाठी पन्नास वर्षं?"

दादाला हे शेजाऱ्यांकडून कळलं. तो तणतणत आला. "आई, मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं होतं. तू हसलास."

तो हळूच म्हणाला, "येऊ का बघायला?"

"बायकांची वेळ असते. बाहेर थांबावं लागेल."

गेल्या महिन्यापासून तलाववाल्यांनी बायकांची ती वेळ तासावरून अर्ध्या तासावर आणलीय. कारण काय, तर म्हणे बायकांचा प्रतिसाद नाही. काल मावशी अकरा जणींना घेऊन व्यवस्थापकांच्या दारात उभी होती. ते मीटिंगमध्ये आहेत, असं सांगण्यात आलं. आज त्या पुन्हा गेल्यात.