दोन्ही वाक्यं खरी

आमच्या अवसरी खुर्दला इंजिनियरिंगचं कॉलेज आहे, म्हणून मागची खोली मी मुलींना भाड्यानं देते. तीन वर्षं तिथं एकच पोरगी होती, आंबेगावच्या डोंगरातली, भात पिकवणाऱ्या घरची. कॉलेज संपत आलं तशी ती सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसली, आणि एकाच जातीच्या प्रश्नांत अडकायला लागली.

ते प्रश्न कसे, सांगते. दोन वाक्यं देतात. दोन्ही खरी, पण एकमेकांच्या उलट वाटणारी. खाली चार पर्याय. ज्या कारणानं दोन्ही वाक्यं एकत्र नांदतील, ते निवडायचं. माझी शाळा चौथीतच सुटली, पण वाचायची सवय नाही सुटली. संध्याकाळी ती मेथी निवडायची आणि मी पुस्तकातून प्रश्न वाचायचे.

एकदा आलं, ‘शेतकऱ्यानं पेरणीआधी जमिनीचा एक तुकडा जाळला. तरी त्याच तुकड्यात रोपं सगळ्यात जोमदार आली.’

ती हसायलाच लागली. “आजी, यात कोडं कुठंय? आमी दरसाल राब भाजतो की! शेण, पालापाचोळा पसरायचा, पेटवायचा, मग त्यात भात पेरायचं.”

तिनं पर्याय निवडला, ‘दोन वाक्यांत विरोध नाही.’ मागं उत्तर बघितलं तर चूक. बरोबर होतं, ‘आगीत तणाचं बी मेलं.’

“हे लिहिणाऱ्यानं राब बघितलाच न्हाई!” ती फणकारली.

“अगं, मी तरी कुठं बघितलाय? जाळल्यावर उगवंल कसं, असंच वाटलं मला. ज्याला ठावं न्हाई, त्याच्या जागी बसून बघ की. मला अडाणी धर.”

“धरायचं कशाला?” म्हणाली, आणि माझा हात पाठीत बसायच्या आत पळाली.

तेव्हापासून प्रत्येक प्रश्नाला आधी मला विचारायची, “आजी, तुमाला यात काय खटकलं?” मी खटकलेलं सांगायचे, ती त्याचं कारण शोधायची. हळूहळू चुका थांबल्या. ती पास व्हावी म्हणून मी गुरुवार धरले होते. आणि खरं सांगू? शेवटच्या आठवड्यात असंही मनात आलं, की चुकू दे दोन-चार, अजून एक वर्ष राहील.

ती पास झाली. नेमणूक लांब, विदर्भात. मंचरला एसटीत बसवून आले. रविवारी फोन करते, दरवेळी विचारते, “खोलीत कोण आलं?” मी म्हणते, येतील की.

परवा ओतूरकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मी म्हणाले, “खोली रिकामी न्हाई हो, भाऊ.”

ती मुलगी उघड्या दारातून आत बघत होती. नुसती खाट आणि झाडलेली फरशी. “पण आजी, कुणीच न्हाई की इथं.”

मी चहा टाकला, दोघांना बसवलं, पोरीला काय शिकणार, घरी कोण कोण, सगळं विचारलं. खोली मात्र दिली नाही.