चूकभूल माफ असावी

परभणीहून करीमसाहेबांच्या मुलाचं कार्ड आलं. ‘अब्बा गेले. शेवटपर्यंत तुमची चौकशी करायचे.’ चौकशी हा शब्द वाचला आणि इतक्या वर्षांनंतरही माझी नजर आधी दाराच्या कडीकडं गेली...

निजामी राजवटीचं ते शेवटचं वर्ष. मी बोरीच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. शाळेच्या पेटीत बंदी असलेलं पुण्याचं वर्तमानपत्र सापडलं, अशी गावातल्याच एकानं लेखी तक्रार केली. पेटीची किल्ली माझ्याकडं असायची, पण ते कुणी ठेवलं, मला खरंच ठाऊक नव्हतं. असल्या आरोपावर नुसती नोकरी जायची नाही, माणूसही जायचा. पेडगावच्या एका कारकुनाला असंच नेलं होतं, त्याचा ठावठिकाणा घरच्यांनाही नव्हता. शिक्षण खात्यानं माझा जवाब मागितला. मी मराठीत लिहून दिला, सगळं नाकारलं, आणि पत्राच्या शेवटी लिहायच्या सवयीनं लिहिलं, ‘चूकभूल माफ असावी.’ कचेरीत त्याचं उर्दू झालं. उर्दूत ते असं उतरलं, की कसूर झाला, माफी मिळावी.

घरी बायको दिवसाढवळ्या कडी लावून बसायची. रस्त्यावर बूट वाजले की विचारायची, “आले का हो?” शेवटी तीच म्हणाली, “त्या वकिलाकडं तरी जा की. घरात बसून काय व्हायलंय?”

करीमसाहेब परभणीत वकिली करायचे. सरकारी नोकरांची गाऱ्हाणी घेणारे तेवढेच. बाकीच्यांना सरकारचं नाव काढलं की ताप यायचा. माझ्या जवाबाचा कचेरीनं केलेला उर्दू तर्जुमा वाचून त्यांनी कपाळावर हात मारला. “मास्तर, तुमी तर कबूल करून बसलाव की!” मला हसू आलं नाही.

खात्याच्या चौकशीत वकिलाला उभं राहता येत नसे, म्हणून ते माझे दुभाषी म्हणून आले. दाराशी दोन शिपाई उभे होते. ते माझ्यासाठीच आहेत हे मी ओळखलं होतं. करीमसाहेबांनी अदबीनं विचारलं, मूळ तक्रारही मराठीतच आहे, तिचाही तर्जुमा करू का? चौकशी करणाऱ्या साहेबांनी होकारार्थी मान हलवली. तक्रारीची शेवटची ओळ करीमसाहेबांनी सावकाश उर्दूत वाचली... कसूर झाला, माफी मिळावी. तक्रारदारानंही सवयीनं तेच लिहिलं होतं! साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहिले. “जाओ, मास्तर,” एवढंच म्हणाले.

बाहेर करीमसाहेब म्हणाले, “आता ते वाक्य पुन्हा लिहू नका. लय महागात पडतंय.” एक विडी पेटवायला त्यांना चार काड्या लागल्या. तेवढा वेळ भीती त्यांनाही होती, मला दिसू दिली नव्हती.

वर्षभरात राज्य पालटलं. जुन्या सरकारचा माणूस म्हणून आता करीमसाहेबांवरच कुणीतरी तक्रार केली, आणि त्यांना धरून नेलं. त्यांच्या बेगमनं निरोप पाठवला, ज्यांच्यासाठी ते उभे राहिले त्यांतल्या कुणीतरी येऊन त्यांच्या बाजूनं दोन शब्द सांगावेत. मी टोपी घातली, उंबऱ्यापर्यंत गेलो... आणि टोपी पुन्हा खुंटीला अडकवली. मलाही नेलं तर? मी गेलो नाही. भ्यालो, दुसरं काही नाही.

काही महिन्यांनी ते सुटले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. उलट दर दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं, आणि शेवटी थट्टेनं तेच वाक्य, ‘चूकभूल माफ असावी.’ ती सगळी कार्डं माझ्या ट्रंकेत आहेत. मी उत्तरं वेळेवर पाठवली, पण ते वाक्य कधी लिहिलं नाही. त्यांनीच बजावलं होतं ना, असं स्वतःला सांगायचो.

परवा त्यांच्या मुलाला पत्र लिहायला बसलो. शेवटाला हात अडला. मग लिहिलं. चूकभूल माफ असावी... करीमसाहेब, या वेळी तर्जुमा कचेरीनं केला होता तसाच करावा.