भागाबाईचं गाठोडं

कुलूप तुटलं, पण दार काही उघडेना.

"आतून कुणी कडी लावलीय का?" मॅडमनी विचारलं.

"आत कोण बसलंय कडी लावायला," मी म्हटलं. "मांडणी दारावर पडली असंल. इस्माईलभाई, वरून रेटू नका. खालून पाय लावा."

इस्माईलभाई म्हणजे त्या ओसाड जागेचा वॉचमन. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान, पण गुडघे माझ्याहून म्हातारे. त्यानं पाय लावला. दार वीतभर सरकलं आणि आतून पारव्यांच्या घाणीचा वास आला. त्याच्या खाली आणखी एक वास होता, वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा. तो मी लगेच ओळखला. पाला मीच ठेवलेला.

ही खोली म्हणजे आमचं स्टोअर. दवाखाना म्हणजे वेड्यांचा दवाखाना. पाटीवर मनोरुग्णालय असं चांगलं नाव होतं, पण बीदर आणि गुलबर्ग्याच्या शिवेवरच्या आमच्या भागात सगळे वेड्यांचाच म्हणायचे. मी तिथं आया म्हणून लागले आणि हेड आया होऊन बाहेर पडले. शाळा माझी चौथीपर्यंत, तीही मराठी. बाकीचं सगळं वॉर्डात शिकले. मग डॉक्टर मिळेनात, ट्रस्टचे लोक थकले आणि दहा-बारा वर्षांखाली दवाखान्याला कुलूप लागलं. आता इमारत पाडायची होती. सोमवारी जेसीबी येणार होता. आम्ही गेलो तो गुरुवार.

सकाळी गेटवर इंजिनियरसाहेबांनी अडवलंच. डोक्यावर पिवळी टोपी, हातात टेप.

"अक्का, आत जाऊ नका. छत कधी खाली येईल सांगता येत नाही."

"साहेब, ह्या छताखाली मी पावसाळ्यात बादल्या मांडल्यात," मी म्हटलं. "कुठं गळतं, कुठं टिकतं, ते तुमच्या टेपपेक्षा मला जास्त ठाऊक हाय."

त्यांनी मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "मी सही करते. जबाबदारी माझी." मग साहेबांनी आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. पदरावर टोपी. इस्माईलभाई हसत सुटला.

आता मॅडम कोण आणि आम्ही तिथं कामून गेलो, ते सांगते.

सविता मॅडम बायकांच्या आधारगृहाच्या अधीक्षक. आधारगृह म्हणजे ज्या बाईला घर नाही तिला ठेवायची सरकारमान्य जागा. आमचा दवाखाना बंद झाला तेव्हा पत्ता असलेले पेशंट घरी गेले. पत्ता नसलेल्या बायका तिथं गेल्या. त्यांत भागाबाई होती. आता ते आधारगृहही आवरायचं ठरलं. तिथल्या बायकांना पार दक्षिणेला, बेंगळुरूच्याही पुढं हलवणार होते. पुढच्या आठवड्यात गाडी यायची होती. तिकडं मराठीचा एक शब्द कानावर पडायचा नाही. भागाबाईला कानडी समजतं, पण दुखलं-खुपलं ती मराठीतच सांगते. ती गाडीत बसायला तयार नव्हती. म्हणायची, "मला हुलसूरच्या बाजारात सोडा. माझा भाऊ हाय."

हे ती मला पहिल्यापासून सांगत होती.

आमच्याकडं आली तेव्हा असेल पंचविशीची. बाळंतपणानंतर डोकं फिरलं होतं, मूलही राहिलं नव्हतं. होतं असं काही बायकांना. औषधानं उतरतं. तिचंही वर्षा-दीड वर्षात उतरलं. वॉर्डात ती माझ्याबरोबर भाजी निवडायची. पण बऱ्या झालेल्या पेशंटला घरी पाठवायचं तर आधी घर लागतं. रजिस्टरात नवऱ्याचं नाव होतं, गाव होतं मादन हिप्परगा, तालुका आळंद. तिथं पत्र गेलं. उत्तर आलं, आमची सून घरात आहे, ही बाई आमची नाही.

डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "तुझं गाव कोणतं?"

"मेंढरं बसतील ते."

"आणि भाऊ?"

"बिरू. हुलसूरच्या बाजारात कुणालाबी इचारा."

हुलसूरच्या बाजारात बिरू म्हणून हाक मारली तर दहा जण वळतात. मग केसपेपरवर लिहिलं गेलं, भाऊ असल्याचा भ्रम कायम. केसपेपर म्हणजे पेशंटची कुंडली समजा. एकदा त्यावर काही लिहिलं की पुढचा डॉक्टर ते वाचतो आणि तेच पुन्हा लिहितो. भागाबाई शहाणी झाली तरी तिचा भाऊ वेडातच राहिला.

मॅडम बदलून आल्या, त्यांनी ती फाइल वाचली आणि माझ्या घरी आल्या. "अक्का, तुम्हाला काय वाटतं, भाऊ आहे?"

"हाय," मी म्हटलं. "पण माझ्या वाटण्याला कोण विचारतंय? तिचं गाठोडं बघावं लागंल."

गाठोड्याचं असं होतं. पेशंट आला की त्याचे अंगावरचे कपडे काढून धुवायचे आणि दवाखान्याचे द्यायचे. त्याचं होतं-नव्हतं ते गाठोड्यात बांधून, पाला घालून, स्टोअरच्या फळीवर ठेवायचं. जाताना परत द्यायचं. क्लार्क कानडीत चिठ्ठी लिहून द्यायचा. मला कानडी वाचता येत नव्हतं, आणि चिठ्ठीची खळ उंदरांना आवडायची. एकदा एकीची साडी दुसरीला गेली आणि वॉर्डात केस ओढाओढी झाली. तेव्हापासून मी माझी पद्धत काढली. गाठोड्याला दोरा टाचायचा. बीदरकडची असेल तर लाल, गुलबर्ग्याकडची असेल तर काळा, लातूर-उदगीरकडची असेल तर पांढरा. दोऱ्याला गाठी मारायच्या कॉटच्या नंबराइतक्या. क्लार्क हसायचा. हसू दे. पुन्हा कधी साडी चुकली नाही.

भागाबाईची कॉट नऊ नंबर.

आम्ही बायकांच्या वॉर्डातून स्टोअरकडं निघालो. लोखंडी कॉट कुणीतरी नेलेल्या होत्या, फरशीवर त्यांच्या पायांचे गंजाचे डाग तेवढे राहिले होते. नवव्या जागेवर मी थांबले नाही. काम आधी.

इस्माईलभाई मागून पुटपुटत होता, "अक्का, लोगां बोलते, अंदर आवाजां आते."

"येतात की. पारवे हायत."

"औरतां रोते बोलते."

"इस्माईलभाई, बायका इथं होत्या तवा रडत होत्या. तवा कुणाला ऐकू आलं न्हाई. आता कामून ऐकू यायलंय?"

तो पुढं झाला. मग दाराशी जे झालं ते सुरुवातीला सांगितलंच.

दार आणखी हातभर सरकवून मी आत शिरले. मॅडमनी मोबाइलची बॅटरी धरली. मांडणी आडवी पडली होती, गाठोडी एकमेकांवर. बरीच उंदरांनी फोडलेली. चिठ्ठी एकावरही शिल्लक नव्हती. मी खाली बसले आणि एकेक गाठोडं हातात घेऊन दोरा बोटानं चाचपायला लागले. काळा, चार. पांढरा, अकरा. लाल, दोन. गाठी मोजायला मला उजेड लागत नाही.

मॅडम म्हणाल्या, "एवढ्यातून कसं सापडणार, अक्का?"

"सापडंल. माझी गाठ सुटत न्हाई."

भिंतीकडच्या ढिगात सापडलं. लाल दोरा, नऊ गाठी. पुन्हा मोजल्या. नऊच.

व्हरांड्यात उजेडात आणलं. मॅडमचं लक्ष दोऱ्यावर. त्या हुशार आहेत, वाटेतच सगळी पद्धत त्यांनी समजून घेतली होती.

"अक्का, लाल म्हणजे बीदर ना? रजिस्टरात आळंद तालुका आहे. म्हणजे गुलबर्गा. काळा हवा होता."

"लालच बरोबर हाय."

"मग रजिस्टर?"

"रजिस्टर चुकलंय."

"इतकं ठाम कसं सांगता?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि तिथंच अडकले. दोरा टाचताना मी ज्या-त्या बाईलाच विचारायचे, संध्याकाळी जेवण झाल्यावर, शेजारी बसून. कुठल्या अंगाची गं तू? भागाबाईनं बीदर सांगितलं म्हणून लाल टाचला. मग रजिस्टर भरताना कुणाला विचारलं होतं? आणि मला तो बाक आठवला.

ऑफिसबाहेर बाक होता. त्या दिवशी पोलिसांच्या जीपमधून भागाबाई उतरली, रस्त्यावर एकटीच फिरताना सापडलेली. त्याच जीपमध्ये वाटेत हात केलेल्या दोन बायका होत्या, एक पेशंट आणि तिची नणंद, मादन हिप्परग्याच्या. भागाबाई आणि ती नणंद बाकावर शेजारी बसल्या. पेशंट आत डॉक्टरांकडं. क्लार्कनं भागाबाईला विचारलं, नवऱ्याचं नाव? ती गप्प. आपल्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. दवाखान्यात नाही, कचेरीत नाही. मग रीत काय, शेजारच्या बाईनं सांगायचं. ती रीत मी लहानपणापासून पाळत आलेली. क्लार्क खोळंबला म्हणून मीच त्या नणंदेकडं वळले आणि विचारलं, "हिच्या मालकाचं नाव काय वो?" तिला वाटलं मी तिच्या भावजयीचं विचारतेय. तिनं आपल्या भावाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. क्लार्कनं लिहिलं. भावजय महिन्याभरात बरी होऊन घरी गेली. तिचा नवरा आणि तिचं गाव भागाबाईच्या नावावर राहिलं.

मादन हिप्परग्याचे लोक खोटं बोलले नव्हते. त्यांची सून खरंच घरात होती.

"मॅडम," मी म्हटलं, "चूक क्लार्कची न्हाई. माझी हाय."

मॅडम म्हणाल्या, "बरं. आता गाठोडं सोडा."

बाहेरचं कापड म्हणजे घोंगडं होतं. काळं, दाट विणीचं, उंदरांनी एक कोपरा खाल्लेला. आत हिरवं लुगडं, बांगड्यांचे तुकडे आणि बाळाची कुंची. कुंची मी पुन्हा घडी करून ठेवली. घोंगड्याचे कोपरे मात्र नीट बघितले. तिसऱ्या कोपऱ्यावर पांढऱ्या लोकरीनं टाचलेलं होतं, दोन आडव्या रेघा आणि एक गोल.

"हे काय? नक्षी?"

"नक्षी न्हाई. कान हाय."

माझ्या आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती, म्हणून मला ठाऊक. कळप एका रानात बसले की मेंढरं मिसळतात. म्हणून प्रत्येक घराची खूण मेंढराच्या कानावर कापलेली असते. कुणाची एक चीर, कुणाची दोन, कुणाचं भोक. काही घरं तीच खूण घोंगड्यावरही टाचतात. दोन चिरा आणि एक भोक. हा झाला पत्ता. रजिस्टरातल्या पत्त्यापेक्षा पक्का.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या जीपनं हुलसूर गाठलं. बाजाराजवळच्या हाटेलात दोन म्हातारे बसले होते, धनगरी पागोटी बघूनच मी त्यांच्या पुढ्यात घोंगडं पसरलं. एकानं चष्मा वर केला आणि बोटानं गोल चाचपला.

"ही खूण कुठं घावली, अक्का? ह्या कानाचं मटण खाऊन जमाना झाला."

"कुणाचा कान हाय, अण्णा?"

"मेहकरच्या बिरप्पाच्या घरचा. आता मेंढरं न्हाईत त्याच्याकडं. सोयाबीन करायलाय."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं.  मी दोन कप चहा प्यायले.

मेहकर भालकी तालुक्यात आहे. तिथं पोचलो तेव्हा बिरप्पा अंगणात ताडपत्री शिवत होता. डोक्यावरचे केस पांढरे. मी घोंगडं त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं कोपरा बघितला आणि हातातली सुई बाजूला ठेवली.

"हे माझ्या मायनं विणलेलं. भागाक्काला सासरी जाताना दिलं हुतं." मग माझ्याकडं बघून, "कुठं घावलं?"

"भागाक्का कुठं हाय ते न्हाई विचारत?"

"ती वाहून गेली की. मेव्हण्यानं सांगितलं, पुरात गेली. आम्ही दहावं घातलं तिचं."

"दहावं तुम्ही घाईनं घातलं, अण्णा. ती जेवायलीय अजून. दोन भाकरी खाती."

त्यानं घोंगडं मांडीवर ओढून घेतलं. त्याच्या बायकोनं आम्हाला पाणी दिलं आणि त्यालाही दिलं. मॅडमनी सरळ विचारलं, "घरी नेणार का? गोळी चालू आहे. रोज एक, चुकवायची नाही. लोक बोलतील, तेही ऐकावं लागेल." मला धाकधूक होती. भाऊ सापडणं वेगळं आणि भावानं नेणं वेगळं. तीस वर्षं मी हा फरक बघत आलेय.

बिरप्पाच्या आधी त्याची बायकोच बोलली. "नेनार न्हाईत तर काय करनार? दहावं घातलंय, ते परत कसं घ्यायचं तेवढं गुरवाला इचारावं लागंल."

शनिवारी बिरप्पा आधारगृहात आला. भागाबाई ओट्यावर शेंगा फोडत होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं आता रडारड. ती म्हणाली, "बिऱ्या, मेंढरं कुणापाशी सोडून आलास?"

"इकली, अक्का."

"इकलीस? मला न इचारता?"

पुढचा अर्धा तास ती त्याला त्यावरूनच बोलत होती. तो मान खाली घालून ऐकत होता. मॅडमनी केसपेपर मागवला आणि भ्रम लिहिला होता त्या ओळीखाली डॉक्टरांकडून नवी ओळ लिहून घेतली, भाऊ बिरप्पा, राहणार मेहकर, समक्ष हजर.

मग डिस्चार्जचा फॉर्म. फॉर्म भरायला नवीन क्लार्क होता. नाव, वय, मग त्यानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

भागाबाई गप्प बसली. क्लार्कनं सवयीनं माझ्याकडं बघितलं, मी शेजारीच बसले होते. मी छताकडं बघितलं. मॅडमही थांबल्या. बिरप्पा तोंड उघडत होता, मी त्याच्या गुडघ्याला चिमटा काढला.

बराच वेळ गेला. पंखा फिरत होता.

"त्याचं नाव कशाला पायजे?" भागाबाई म्हणाली. "त्यानं मला पुरात घातली. बापाचं लिव्हा. मल्लप्पा."

क्लार्कनं लिहिलं.

सोमवारी जेसीबी आला. बाकीची गाठोडी मॅडमनी त्याआधी जीपमधून आणवली होती. ती माझ्या घरी आहेत, दोऱ्यांसकट. नोकरीत मी बऱ्याच गोष्टी शिकले, ही निवृत्त झाल्यावर शिकले. फॉर्म भरताना बाई थांबली तर आपणही थांबावं. शेजारणीला विचारू नये.