दोन नळ्यांवरची नावं

डिंगोरे गावातल्या झुंबरबाईच्या घरात दिवेलागणीनंतर कुणाला नावाने हाक मारत नसत. आणि कुणी मारलीच, तर ओ द्यायची नाही. ब्याण्णव साली मी तिचे डोळे तपासायला पहिल्यांदा गेलो तो नेमका संध्याकाळी, आणि रस्त्यावरूनच तिच्या नवऱ्याला ‘सोमाजीऽ’ म्हणून हाक दिली. आतून हूं नाही की चूं नाही. जवळ गेलो तर दार उघडं, चूल पेटलेली, चार माणसं ओसरीवर बसलेली आणि सगळी माझ्याकडे बघत गप्प. अंगावर काटा आला. राग त्याहून जास्त आला. मी दवाखान्यात डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढणारा माणूस; असल्या गोष्टींनी माझं टाळकं लगेच सटकतं.

झुंबरबाई तेव्हा अठ्ठावीसची होती. तांदूळ निवडत होती, पण सुपाकडे न बघता. खडा तिच्या बोटांनाच कळायचा. आरशावर श्वास सोडावा तशी तिच्या बुबुळांवर वाफ धरली होती. घरात याला ‘सावट’ म्हणत. तिच्या आज्याचं नाव गेणू, चुलत्याचं गेणू, थोरल्या भावाचंही गेणूच, कारण गेलेल्याचं नाव पाळण्यातल्या पोराला ठेवायची त्यांची रीत. तिन्ही गेणूंचे डोळे तिशीच्या आत गढूळ झाले. झुंबरबाईचंही पाळण्यातलं नाव गेणाबाई.

“त्येला नावावरनं मानूस घावतो,” ती म्हणाली, आणि तांदूळ निवडत राहिली.

मी समजावलं, की बाई, नावाने नाही, रक्ताने. तुमच्यात मामाची मुलगी करतात, सोमाजी तुमच्या आत्याचा मुलगा. दोन्हीकडून तोच दोष पोरांत उतरतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला चहा दिला.

चौऱ्याण्णवला पुण्यात तिच्या उजव्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा बदलला. कुण्या मेलेल्या माणसाचा बसवला. तिच्या काढलेल्या पडद्याचे पातळ काप काचेवर घेऊन त्यांना रंग दिला, तेव्हा जिथे जिथे रोग साचला होता तिथे निळे ठिपके उमटले. मी ते सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि कौतुकाने तिला सांगायला गेलो.

“त्येच्यात अजून जीव हाय का?” तिने विचारलं.

“छे, नाही.”

“मंग रंग कुनी पिला?”

मी तिच्यावर उगाच खेकसलो.

दोन हजार एकमध्ये रक्तातला नेमका बिघाड शोधायला पुण्याहून एक बाई आल्या. मी ओसरीवर सोमाजीला विचारून घराण्याचा तक्ता काढत होतो. आत झुंबरबाईच्या दोन लेकी, थोरली आरती आणि धाकटी हर्षाली, एकामागून एक रक्त देऊन परसात पळाल्या. पुण्याच्या बाई शेजारच्या भावकीत नमुने घ्यायला गेल्या. नळ्यांना नावं चिकटवायचं काम माझं. मी आत जाऊन विचारलं, “आधीची नळी कुणाची?”

झुंबरबाई जरा थांबली. “हर्षालीची,” म्हणाली. मी चिठ्ठ्या चिकटवल्या.

तपासणीचा कागद यायला चार वर्षं लागली. दोघी पोरींचे डोळे तोवर स्वच्छ होते. पण कागदाप्रमाणे आरतीला दोन्हीकडून दोष आला होता, तिला सावट येणार. हर्षालीला एकाच बाजूने, म्हणून तिचे डोळे शाबूत राहणार. कळंबच्या पारूबाईने, म्हणजे सोमाजीच्या बहिणीने, आपल्या गोरखसाठी आरतीला मागितलं होतं. तिने लगेच बोलणं फिरवलं: धाकटी द्या. मी घसा फोडून सांगितलं, की आत्याच्या घरात कुठलीच देऊ नका, पुढची पोरं आंधळी होतील. पण घरच्या लग्नात चष्मेवाल्याला कोण विचारतो! आरती भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही. झुंबरबाई मात्र निवांत दिसली, आणि तेच मला खटकलं.

सुपारी फुटायच्या दिवशी, पाहुणे जमत असताना, तिने मला आतल्या खोलीत बोलावलं. “भाऊ, उजव्या डोळ्यात कडंला वाफ दिसतीया.”

मी बॅटरी लावून पाहिलं. अकरा वर्षं काचेसारख्या राहिलेल्या त्या परक्या पडद्यात कडेने तेच करडे ठिपके उगवले होते. असं होऊ शकतं हे मला ठाऊक होतं. रोग तिच्याच शरीरात होता, तो नव्या पडद्यातही साचत होता. मी तसं सांगितलं.

“ह्यो डोळा कुनाचा, त्येचं नाव काय, मला बी म्हाईत न्हाई,” ती हळूच म्हणाली. “मंग त्येला कसा घावला?”

“त्याला नाव लागत नाही, झुंबरबाई. कितीदा सांगू!”

ती भिंतीला टेकून खाली बसली. मग बोलली. नळ्यांची नावं तिने उलटी सांगितली होती. सावट नाव शोधत आलं, तर आरतीच्या नावाखाली हर्षालीचं रक्त भेटेल, ते चकेल आणि माघारी जाईल. चार वर्षं तिला वाटत होतं, की आपण त्याला फसवलं.

म्हणजे डोळे जाणार होते हर्षालीचे, आणि तीच बाहेर हिरवी साडी नेसून पाटावर बसली होती. मला भयंकर संताप आला; तिचा आला आणि माझाही, कारण कुठल्या नळीत कुणाचं रक्त हे स्वतः न बघता चिठ्ठ्या मीच चिकटवल्या होत्या.

“तुम्ही सांगता, की मी सांगू?”

“मीच सांगती.”

ती बाहेर आली तेव्हा देवापाशी दिवा लागला होता. तिने पाहुण्यांसमोर सगळं सांगितलं. पारूबाईने साडी-नारळाचं ताट उचललं आणि गोरखला घेऊन निघून गेली. आरती हुंदके देऊन रडायला लागली. हर्षाली पाटावरून उठली आणि मागच्या दाराने अंधारात गेली.

झुंबरबाई तिच्यामागे दारापर्यंत धावली. एका डोळ्यात जुनी वाफ, दुसऱ्यात नवी. तिला लेक दिसेना. तिने हात पुढे करून चाचपलं. मग, त्या घरात दिवा लागल्यावर मी कधीच ऐकलं नव्हतं, ते ऐकलं.

“हर्षालीऽ!”

ओसरीवरची माणसं गोठल्यागत उभी राहिली. सोमाजीने डोळे मिटले. ती परत ओरडली, “हर्षाली, बाय माझी!”

मग गोठ्याच्या बाजूने, अगदी बारीक आवाजात, ओ आली.